सावरला आहे

हडर्सफील्डच्या डेपोत बावीस वर्षं
माझ्या बिल्ल्यावर लिहिलंय ड्रायव्हर,
आणि घरचा कॉम्प्युटर रविवारी रात्री मला सांगतो,
ड्रायव्हर सापडत नाही.

कुंदा हसली. बराच वेळ हसली.
मग मोज्यांच्या जोड्या लावता लावता म्हणाली,
दिवसभर बस हाकतोस, घरी येऊन पुन्हा ट्रक.
कंटाळला असेल तोही.

खरंय तिचं. गेममध्ये मी ट्रक चालवतो.
रात्री दहानंतर, बर्फातून, ओंडके लादून,
एका बंदरातून दुसऱ्या बंदरात.
तिथे मागून कुणी घंटी वाजवत नाही.

गुरुवारी पडदा दोनदा मिटला, पापणीसारखा.
उघडला तेव्हा कोपऱ्यात एक चौकट:
डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं,
आता तो सावरला आहे.
मी ते वाक्य तीनदा वाचलं.
ट्रक तोवर दरीत.

शनिवारी नुसते पट्टे, जांभळे नि हिरवे,
दुकानदाराने एकावर एक टाकलेल्या खणांसारखे.
मी डबा उघडला, दाढीच्या ब्रशने पंखे झाडले,
कार्ड उपसून पुन्हा बसवलं, टक् होईपर्यंत.
पट्टे हलले नाहीत.

शेवटी शाल्मलीला फोन, ॲबर्डीनला.
मशीन तिचंच. सोळाव्या वर्षी बेकरीतल्या पगारातून
स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडलेलं.
बाबा, आधी नेटची वायर काढ,
नाहीतर ते शहाणं रातोरात तोच ड्रायव्हर परत आणेल.
आता सेफ मोडमध्ये जा.

गेलो.
अक्षरं बालवाडीच्या पाटीवरची, रंग धुतलेले,
पंखा शांत.
गरजेपुरतं दिसत होतं, त्याहून जास्त काही नाही.
ही जागा मला ओळखीची वाटली.

मार्चमध्ये, लॉकवुडच्या सिग्नलला,
हिरवा लागला आणि मी निघालो नाही.
लाल झाला. पुन्हा हिरवा.
हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, डोळे उघडे,
आणि मधे जो कुणी असतो
पाहिलेलं हातापायांना कळवणारा,
तो जागेवर नव्हता.
अकरा माणसं बसमध्ये. कुणीतरी हॉर्न धरून ठेवलेला.
मिसेस साइक्स कुत्र्याला कडेवर घेऊन पुढे आल्या,
काचेवर टकटक केली, ठीक आहेस ना रे, बाळा?
मी ठीक झालो. गिअर टाकला. टेकडी चढलो.
डेपोच्या वहीत त्या दिवशी लिहिलं: सहा मिनिटं उशीर, वाहतूक.

बाबा, आहेस ना?
आहे.
यादीत पिवळा त्रिकोण दिसतोय? त्यावर जा.
मुळासकट काढ. फाइल्ससकट, हो.
मग मी पाठवलेला टाक, दोन वर्षांपूर्वीचा.
जुना?
त्या कार्डाला नवे मानवत नाहीत.
बंद पडायच्या आधी तू नक्की काय करत होतास?
काही नाही, म्हटलं. चालवत होतो.

निळी पट्टी सरकत राहिली. एकोणचाळीस टक्क्यांवर
तिने इतका वेळ काढला की मी उठून
खिडकीत वाळत घातलेला युनिफॉर्म उलटा करून आलो.
मग काळोख.
लहानपणी पाटावरून विहिरीत डोकावताना असायचा तसा,
आत पाणी आहे की नाही, कळत नाही.

आणि पडदा लागला.
अक्षरं एकदम बारीक, धारदार. पाठीमागे
शाल्मलीने कधीतरी लावलेलं गोल्करच्या चढाचं चित्र,
त्यात वळणावर एक लाल ठिपका.
इतकी वर्षं डाग समजत होतो. बस आहे.

वायर जोडताक्षणी कोपऱ्यात चौकट उगवली:
नवीन आवृत्ती उपलब्ध. आता घ्यायची?
नंतर, मी दाबलं.

कुंदा दारात, हातात दोन कप.
झालं?
झालं.
पण झालं काय होतं त्याला?
मी शाल्मलीची खुर्ची ओढून पुढे केली.
बस, म्हटलं.
मार्चपासून सांगावं लागेल.